कोमट लापशी

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात मला सगळे वाफबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण माझे कान शाबूत आहेत. एकवीस वर्षं मी इथली मुख्य स्वयंपाकीण आहे आणि एकवीस वर्षांत माझ्या हाताखालून एकही वाडगा गार होऊन वर गेलेला नाही. ट्रॉली निघायच्या आधी मी झाकणं उचलून बघते. वाफ तोंडावर आली तर जा, नाहीतर मागे फीर. आजारी माणसाला गार खायला देणं म्हणजे तू आता नकोसा झालास असं त्याला सांगणं, हे माझं मत. कुणाला पटो न पटो, इथे तेच चालतं.

मागच्या वर्षी आमच्याकडे नवीन आहारतज्ज्ञ आली. काटकुळी, हुशार, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. ती माझी सून.

हे रुग्णालयात कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलाखत देऊन स्वतःच्या अकलेवर लागली होती ती, पण "सासूच्या वशिल्याने चिकटली" म्हणायला लोकांना कितीसा वेळ लागतो? तिने लग्नानंतर आडनाव बदललेलं नव्हतं, त्यामुळे सोपं गेलं. घरी ती मला आई म्हणते आणि मी तिला अगं-तुगं करते. फाटकातून आत शिरलं की ती मॅडम आणि मी बाई. एकदा जिन्यात मी तिला "डबा नीट खाल्लास का गं" असं विचारून बसले, तर पुढचे दोन दिवस तिने मला जिना बदलायला लावला. आमचे हे म्हणायचे, "तुमच्या या नाटकाला तिकीट लावायला हवं."

तिच्या डोक्यात एक प्रयोग होता. आमच्या वृद्धांच्या वॉर्डात अँटिबायोटिक चालू झालं की निम्म्या लोकांची पोटं बिघडतात. ते औषध वाईट जंतूंबरोबर पोटातल्या चांगल्या जंतूंनाही झोडपून काढतं, असं ती सांगायची. म्हाताऱ्या माणसांचे त्यात फार हाल. संडासापर्यंत पोचता येत नाही, चादर खराब होते, आणि मग ऐंशी वर्षांचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. सिस्टर चादर बदलताना काही बोलत नाहीत, तरी त्याला लाज वाटायची ती वाटतेच.

तर हिचं म्हणणं असं की, डॉक्टर निवडतील त्या रुग्णांना रोज सकाळी प्रोबायोटिकची एक पुडी द्यायची. म्हणजे जिवंत, चांगले जंतू. त्या जंतूंनाही खायला लागतं, त्या खाण्याला प्रीबायोटिक म्हणतात. म्हणून नाश्त्याला ओट्सची लापशी आणि केळं. आणि ज्यांचं स्वादुपिंड थकलंय, त्यांना अन्न फोडणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्या, त्याही पहिल्या घासाबरोबर.

"म्हणजे खाली फरशी फिनेलने पुसायची आणि वर वाडग्यात जंतू वाढायचे?" मी घरी भांडी विसळता विसळता विचारलं.

"आई, पोट म्हणजे फरशी नाही," ती म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनी तिला तीन महिने दिले. फरक दिसला तर प्रयोग पुढे चालू आणि हिची नोकरी कायम. नाही दिसला तर पुड्या बंद, आणि हंगामी जागेची गरज आहे का याचाही विचार करू, असं ते गोड आवाजात म्हणाले. ते गोड आवाजात बोलले की समजावं.

फरक मोजायचा कसा, याची युक्ती हिनेच काढली. धुलाईखान्यातले काका त्या वॉर्डातून नेहमीपेक्षा जास्त आलेल्या चादरी रोज वहीत टिपून ठेवू लागले. सुरुवातीला दिवसाला अठरा.

पहिल्या आठवड्यातच घोळ झाला. पुडीची चव लागते म्हणून म्हातारी मंडळी ती उशीखाली लपवायची, आणि सिस्टरला कुणाकुणाच्या उश्या उचलायला वेळ? मी म्हटलं, मॅडम, माझ्यावर सोपवा, लापशीतून एकही पुडी चुकणार नाही. ती म्हणाली, "चालेल बाई, फक्त गॅसवर ठेवू नका." मी कशाला ठेवू? गॅस बंद करायचा, बावीस वाडग्यांत बावीस पुड्या सोडायच्या, वरून लापशीचा एकेक डाव ओतायचा आणि झाकण. पुडी विरघळायची, चव कळायची नाही, वाडगे चाटूनपुसून परत यायचे. मला काय अभिमान वाटायचा. सात वाजता ट्रॉली वर जायची आणि मॅडम नऊला यायच्या, त्यामुळे त्यांनी हे कधी पाहिलंच नाही.

अकरा आठवडे गेले. एन्झाइमच्या गोळ्यांचा गुण आला. त्या गोळ्या सिस्टर स्वतःच्या हाताने देत होत्या. पण चादरी अठराच्या अठरा. कधी सतरा, कधी एकोणीस. पोर रोज संध्याकाळी धुलाईकाकांची वही घेऊन बसायची आणि जेवायला बोलावलं की भूक नाही म्हणायची. दुसऱ्यांच्या पोटाची काळजी करणारी स्वतः उपाशी. माझा जीव तुटायचा, आणि जीव तुटला की मी ओरडते, तशी ओरडायचे.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तिने अहवाल लिहिला. फरक आढळला नाही, असं स्वच्छ अक्षरात. मग तशाच तंद्रीत उठून म्हणाली, "आज दही मी लावते, तुम्ही बसा."

पहाटे पाचला मी झाकण उचललं तर पातेल्यात दूधच. पातळ, जसंच्या तसं. ती चहा गाळत होती. माझं तोंड सुटलं.

"अगं, काय केलंस हे? उकळत्या दुधात विरजण घातलंस? मेलं ना ते. दूध कोमट झालं की बोट बुडवून बघायचं, मग विरजण लावायचं, हे मला दहाव्या वर्षी कळत होतं. एवढी शिकलीस आणि जिवंत विरजण गरम दुधात..."

मी तिथेच थांबले. पातेलं माझ्या हातात होतं आणि डोळ्यांसमोर बावीस वाडगे. तळाशी पुडी, वरून वाफाळती लापशी, त्यावर झाकण.

तिने गाळणी खाली ठेवली. "आई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही लापशीत पुडी कधी घालता?"

मी सांगितलं. ती स्टुलावर बसली.

"गॅसवर ठेवू नका म्हटलं होतं मी."

"नाहीच ठेवली. बंद करूनच ओतली."

चाळीस वर्षं मी रोज दही लावते. करंगळी बुडवल्याशिवाय विरजणाला हात लावत नाही. आणि तीच मी, अकरा आठवडे, दिवसाला बावीस पुड्या माझ्या लाडक्या वाफेत मारत होते. पुडी चकचकीत कागदातून आली म्हणून तिला औषध समजले. ती स्टीलच्या वाटीतून आली असती तर लगेच कळलं असतं. मला माझीच इतकी लाज वाटली की पातेलं कुठे ठेवावं ते कळेना.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी नीट सांगायला हवं होतं. बैठकीत तसंच सांगते, माझी सूचना अपुरी होती म्हणून."

"तू गप्प बस."

"आई, चार महिन्यांत तुम्ही निवृत्त होताय. एकवीस वर्षांत तुमच्याविरुद्ध एक अक्षर नाही. आता सगळे म्हणतील, वाफबाईंनीच..."

"मला वाफबाई म्हणतात ते तुला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे, आई."

अकराच्या बैठकीला मी ॲप्रनसकट गेले. मला बोलावलेलं नव्हतं. मोठे डॉक्टर तिचा अहवाल चाळत होते, शेजारी वॉर्डाच्या सिस्टर, आणि ही कोपऱ्यात चष्मा वर ढकलत. मी दारातूनच सुरुवात केली आणि कुठेही न अडखळता सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवले. "म्हणजे गेले अकरा आठवडे आपण रुग्णांना मेलेले जंतू खायला घालत होतो?"

"हो," मी म्हटलं, "गरमागरम."

सिस्टरांनी तोंडावर हात धरला. मला हसू येत नव्हतं.

"काय लिहून द्यायचं ते मी देते," मी म्हटलं. "पण मॅडमचा प्रयोग झालेलाच नाही. जो झालाच नाही, तो फसला कसा म्हणता?"

डॉक्टरांनी अहवाल तिच्याकडे परत सरकवला. मग त्यांनी सहा आठवडे वाढवून दिले. आणि माझ्या सेवापुस्तकात तांबड्या शाईने शेरा मारला, एकवीस वर्षांतला पहिला. मारू देत. जिन्यात ही माझ्यामागून आली, माझ्या ॲप्रनची सुटलेली गाठ तिने बांधली आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवसापासून लापशी परातीत ओतून पंख्याखाली. मॅडमनी थर्मामीटर आणून दिला. मी वेगळ्या वाटीत चमचाभर लापशी काढायची, करंगळी बुडवायची, मग ती वाटी धुवायला टाकायची आणि आकडा सांगायचा. थर्मामीटर माझ्याशी एखाद्या अंशाने वाद घालायचा, त्याहून जास्त नाही. मग पुडी, आणि लगेच ट्रॉली वर.

तिसऱ्याच दिवशी वॉर्डातून एक आजोबा ओरडले, "लापशी गार आहे." एकवीस वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.  तशीच वर गेले, त्यांच्या पलंगाशी उभी राहिले आणि म्हटलं, "आजोबा, गार नाही, कोमट आहे. यात जिवंत विरजण आहे. तुमच्या पोटात लागायला हवं ना?" आजोबांनी चमचा तोंडात घातला. "मग आधी सांगायचं," ते म्हणाले.

चादरी दुसऱ्या आठवड्यात चौदा झाल्या. चौथ्यात दहा. सहाव्यात धुलाईकाका स्वतः जिने चढून स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "बाई, वर कुणी आजारी पडेनासं झालंय का? दुपारी माझं एक मशीन रिकामं बसतं." त्या दिवशी वहीत सात चादरी होत्या. भिंतीकडे तोंड करून पडलेले आजोबा आता दाराकडे तोंड करून नाश्त्याची वाट बघत होते आणि गार म्हणून भांडत होते. मला त्या भांडणासारखं दुसरं काही गोड लागलं नाही.

शेवटच्या बैठकीला मला बोलावलं होतं, पण चहा घेऊन. मी कप मांडत होते. मोठे डॉक्टर म्हणाले, एका वॉर्डावरून जगाला काही सांगता येणार नाही, पण आपल्या वॉर्डाला एवढं पुरे. पुड्या चालू राहतील. मॅडमची नोकरी कायम. आता ही पद्धत बाकीच्या वॉर्डांतही लावायची.

"फक्त एक सांगा," त्यांनी विचारलं. "अहवालात तुम्ही लिहिलंय की, तापमान आधी बोटाने ठरवलं आणि मग थर्मामीटरने पडताळलं. हे बोट कुणाचं?"

मी मान खाली घालून साखरेची बरणी पुसू लागले. मला वाटलं, म्हणेल स्वयंपाकघरातल्या बाईंचं. तेच आमचं ठरलेलं होतं.

तिने चष्मा वर ढकलला. "आमच्या आईंचं," ती म्हणाली.

"तुमच्या आई? त्या कुठे असतात?"

"तुमच्या स्वयंपाकघरात. एकवीस वर्षं. माझ्या सासूबाई आहेत त्या." आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, बसा ना इथे."

तिने स्वतःशेजारची खुर्ची ओढली. मी आयुष्यात त्या खोलीत बसले नव्हते, फक्त कप ठेवले आणि उचलले होते. सिस्टर माझ्याकडून तिच्याकडे आणि तिच्याकडून माझ्याकडे बघत होत्या, आणि मला कळत होतं की संध्याकाळपर्यंत हे धुलाईखान्यापर्यंत पोचणार. पोचू दे. मी ओलं फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्या सुनेशेजारी ताठ बसले.

दारातून माझ्या मदतनीस बाईंनी डोकं आत घातलं. "बाई, कप तसेच राहिलेत. चहा निवतोय."

"निवू दे," मी म्हटलं.