कलते कुंपण आणि भोपळा

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कुंपण आहे. उभे आहे असे म्हणणे धाडसाचे होईल; कलते आहे. माझ्या एका बाजूला निवृत्त मास्तर राहतात. ते जन्मभर जर्मन भाषा शिकवीत. दुसऱ्या बाजूला शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात.

मला बनवणारा सुतार हौशी होता. चाळीस फळ्या, प्रत्येकीवर रंधा आणि वरून हिरवा रंग. "काय देखणं कुंपण आहे!" असे कोणी म्हटले की माझे खिळेसुद्धा ताठ होत. पुढे रंग उडाला, वाळवीने पाय कुरतडले. लोक कौतुक विसरले आणि माझ्यावर ओली पायपुसणी वाळत घालू लागले.

त्यात मास्तरांनी माझ्या पायाशी भोपळ्याचा वेल लावला. तो माझ्यावर चढला आणि पहिला भोपळा धरला तो मावशींच्या अंगणात! झाले, जुंपली.

"वेल माझा आहे, बाई."

"मग मारा हाक भोपळ्याला. आला तुमच्याकडे, तर तुमचा!"

तिसऱ्या दिवशी मावशींनी गवंडी आणला. मला पाडून तेथे विटांची भिंत घालायचे ठरले. त्याने टेप लावताच मास्तर धावत आले. मास्तरांना राग आला की ते शिकवू लागतात.

"अहो, कुंपणाला जर्मनमध्ये 'त्साउन' म्हणतात. एकाच घराण्यातला शब्द, पण लेकरं तीन घरी वाढली. जर्मनांकडे तो कुंपणच राहिला, डचांकडे आतली बाग झाला. इंग्रजांकडे सगळी वस्ती पोटात घेऊन 'टाउन' झाला, म्हणजे शहर! आणि तुम्ही याला पाडताय?"

मित्रांनो, माझी छाती फुगली. त्यात एक फळी निखळली.

"एवढं थोर घराणं, मग याचे पाय कुजले कसे?" मावशी म्हणाल्या. "कधी एक खिळा तरी मारलात का, मास्तर?"

मास्तर वाकून निखळलेली फळी उचलू लागले.

"ताई, पाया खणला की वेलाचं मूळ जाणार. चालेल ना?" गवंड्याने विचारले. मावशींची नजर भोपळ्याकडे गेली. त्याने भोपळ्यावरचे पान उचलले. भोपळा चिंध्या भरलेल्या, नीट टाके घातलेल्या गादीवर ऐटीत बसला होता.

"ही कुणी ठेवली?" त्याने विचारले.

"खालून नासला असता," मावशी पुटपुटल्या. "तुम्ही जा आता. भिंत नको."

मास्तरांनी हातोडी आणली. पहिला घाव त्यांनी स्वतःच्या अंगठ्यावर घातला, दुसरा माझ्या खिळ्यावर. मावशींनी अंगठ्याला चिंधी बांधली आणि फळी धरून ठेवली. संध्याकाळपर्यंत मी बरेचसे सरळ झाले. भोपळा कोणाचा, ते अजून ठरलेले नाही. तो मात्र वाढतोच आहे.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरातले एखादे दार, शिडी किंवा कुंपण कलताना दिसले, तर आधी एक खिळा मारा. आमच्या घराण्याची थोरवी मग सावकाश सांगा. आणि जाता जाता माझ्यावरचे ते पायपुसणे तेवढे उचला. शहराच्या नातलगाला ते शोभत नाही.