चौक क्रमांक दोनमधली पाटी

मी पत्र्याची एक जुनी पाटी आहे. माझ्यावर ‘फुले तोडू नयेत’ असं लिहिलेलं आहे. मित्रांनो, पहिली सात वर्षं माझा हुकूम एकाही माणसाने मोडला नाही. चौकात तेव्हा फूलच नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण शिस्त ती शिस्त.

सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं छोटं गाव आहे. जिथे पूर्वी केळीच्या बैलगाड्या वळायच्या, तिथे पुढे ट्रक वळू लागले. त्यांना वळायला मध्ये काहीतरी गोल हवं, म्हणून नगरपालिकेने एक गोल बांधला आणि त्या जागेला ‘चौक क्रमांक दोन’ असं नाव दिलं. क्रमांक एक कुठे आहे, ते अजून सापडलेलं नाही.

१९८०च्या उन्हाळ्यात गोलाला तारेचं कुंपण आलं, निंबा माळी आला आणि पितांबर पेंटरने रंगवलेली मी आले. लोखंडी खांब तेवढा आला नाही. मग निंबाने शेताच्या बांधावरून पांगाऱ्याची मनगटाएवढी ओली फांदी तोडून आणली, गोलाच्या मधोमध रोवली आणि मला तिच्यावर ठोकलं.

निंबा मनापासून काम करायचा. त्याने झेंडू लावला, तो शेळ्यांनी खाल्ला. गुलाब लावला, तो उन्हाने खाल्ला. पावसाळ्यात माझ्या खांबाला मात्र कोंब फुटायचे आणि पानं माझ्या अक्षरांवर यायची. निंबा लगेच विळा घेऊन हजर. “पाटी दिसनी पाहिजे,” असं म्हणत तो सगळे कोंब छाटून टाकायचा. खांब दरवर्षी जाड होत होता. निंबाच्या मते लाकूड पावसाने फुगत होतं. मलाही ते पटायचं.

शेजारीच भागाबाईची चहाची टपरी होती. गिलास विसळलेलं पाणी ती बसल्या जागेवरून माझ्या खांबाच्या बुंध्यावर भिरकावायची. नेम उत्तम होता.

१९८७च्या आषाढात नवे मुख्याधिकारी आले. त्यांनी गोलाला एक फेरी मारली, मग उलटी फेरी मारली.

“फुलं कुठे आहेत?”

“लागतील, साहेब,” निंबा म्हणाला.

“फाल्गुनात परत येतो. फूल दिसलं तर तुम्ही माळी. नाही तर जकात नाक्यावर जाऊन बसा, दांडा वर-खाली करत.” आणि इथे छाटण्यासारखं काहीच नाही, म्हणून त्यांनी विळाही जमा करून नेला.

निंबाला मातीशिवाय काही येत नव्हतं, आणि नाका डांबरावर होता.

पावसात कोंब फुटले आणि मी पानांत बुडाले. निंबा टपरीवर गेला. “अक्का, तुन्हा विळा दे. पाटी झाकाई गई.”

“हाऊ भाजीना विळा शे, निंबाभाऊ,” भागाबाई म्हणाली. “झाडले नही.” भाजीचा विळा झाडासाठी तिने काही दिला नाही.

थंडीत पानं गळली. समोरच्या कापडदुकानाचे घेवरचंद शेठ म्हणाले, “निंबा, माझ्या काउंटरवरची प्लास्टिकची फुलं तारेला बांध. पाणीसुद्धा लागत नाही.”

“शेठ, मी माळी शे,” निंबा म्हणाला. “त्यापेक्षा नाका बरा.” आणि रिकाम्या वाफ्याला पाणी घालत बसला.

फाल्गुनातल्या एका सकाळी माझ्या डोक्यावर साळुंक्यांचं भांडण जुंपलं. विषय फुलांचा होता. माझा खांब लालभडक फुलला होता. निंबा खाली उभा राहून वर बघत होता. हातातली झारी कलली होती आणि सगळं पाणी त्याच्याच पायावर पडत होतं.

दोन दिवसांनी साहेब आले. शेठच्या काउंटरवरची फुलं त्यांनीही पाहिली होती. “खरी आहेत का ही?” म्हणत त्यांनी एक तुरा तोडायला हात वर केला आणि तो तिथेच थांबला. साहेबांनी मला वाचलं. हळूहळू, ओठ हलवत. मग हात खिशात घातला.

मित्रांनो, माझ्या नोकरीतलं ते माझं पहिलं काम.

“झाड कोणी लावलं?”

निंबाने मान खाली घातली. “मी नाही, साहेब. मी खांब लावला होता. दरवर्षी मीच त्याला छाटत आलो.”

आता नाकाच, असं मला वाटलं. पण टपरीतून भागाबाई म्हणाली, “लायेल त्यानीच शे, साहेब. पानी मन्हं शे. आते चहा ल्या.” लावणारा तो, पाणी घालणारी ती, असा तिचा हिशेब.

साहेबांनी चहा घेतला. गिलास स्वतः विसळला आणि पाणी झाडाकडे भिरकावलं. ते फुलं बघायला येऊन उभ्या राहिलेल्या घेवरचंद शेठच्या धोतरावर गेलं. दुसऱ्या दिवशी निंबाचा विळा परत आला. सोबत चिठ्ठी होती : ‘पांगाऱ्याला लावू नये.’

त्यालाही बरीच वर्षं झाली. एसटीचे कंडक्टर आता ‘फुलांचा चौक’ अशीच हाक देतात. बुंधा फुगत फुगत माझ्या कडांवर चढला आहे. माझी खालची ओळ, ‘तोडू नयेत’, सालीने गिळली. वर ‘फुले’ एवढंच उरलं आहे, आणि कोणी तोडत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या अंगणातल्या एखाद्या खांबाला कोंब फुटले, तर विळा आणण्याआधी एक फाल्गुन थांबून बघा. आणि आमच्या चौकात चहा प्यालात, तर गिलास माझ्या दिशेला विसळा. नेम चुकला तरी चालेल. शेठ आता लांब बसतात.