मी गेणबाची गोफण, त्या पोरीची न्हवं

मित्रांनो, मी एक जुनी गोफण हाय. तुमच्यातल्या निम्म्यांनी गोफण चित्रातच बघितली असंल, म्हणून आधी माझं अंग सांगते. दोन लांब दोऱ्या, मधी दगड बसायला विणलेला खोपा. एका दोरीच्या टोकाला फासा, तो बोटात अडकवायचा. दुसरं टोक मोकळं, ते मुठीत धरायचं. गरागरा फिरवून मोकळं टोक सोडलं की दगड सुटतो, अन् मोकळ्या टोकाच्या शेपटाचा फटाक्यावानी असा बार निघतो की वावरातली सगळी पाखरं एकदम उठत्यात.

कळंबच्या खालच्या अंगाला, नीरा नदीच्या काठाला आमची वस्ती. गेणबाच्या आईनं मला अंबाडीच्या वाखाची वळली. फासा करताना तिनं गेणबाला हाक मारली, "आण रं तुझं बोट." त्या बोटावर मापून गाठ मारली. तवा गेणबाला मिसरूड फुटत व्हतं. तवापासनं ते बोट माझं. लगीन झालं, त्याच्या बायकोनं हातात अंगठी घातली, तर ती बी शेजारच्या बोटात. माझ्या बोटाला कुणी हात लावला न्हाय.

ज्वारीच्या दिवसांत आमचा थाट बघायला पायजे व्हता. गेणबा मचाणावर उभा, मी त्याच्या डोक्यावर फिरतीय, अन् खाली कणसं डुलत्यात. दगड नेमका पडला की तो मलाच म्हणायचा, "हाणलं बग!" लोक बैलाला शाबासकी देत्यात, पोराला देत्यात. माझा गेणबा गोफणीला द्यायचा.

आणिक एक रीत व्हती. वावरात चोर शिरला, कुणाला साप चावला, कुणी मचाणावरनं पडलं, तर दगड न घालता रिकामीच गोफण फिरवायची अन् बारावर बार काढायचे. आवाज ऐकला की सगळी वस्ती हातातलं काम टाकून पळत यायची. कुणाचा बार हाय, ते बी माणसं आवाजावरनं वळखायची.

मग कालव्याचं पाणी आलं अन् ऊस आला. उसाला पाखरं काय खाणार? मला खुंटीवर टांगली, मोटरच्या स्टार्टरशेजारी. अंगावर जाळी धरली. गेणबाच्या खिशात मोबाईल आला, अन् जो हात माझा व्हता तो दिवसभर त्या डबड्याला कुरवाळायला लागला. मी खुंटीवरनं बघायची अन् जळायची. त्याचं चार्जिंग संपलं की मला बरं वाटायचं.

नशीब माझं, नदीत वाळूचोर आले.

मानसिंग म्हणून एक गडी व्हता, त्यानं काठाला तळ टाकला. नदी उकरून उकरून त्यानं काठ असा पोखरला, की शेजारच्या मेहबूबबीच्या वावराचा कोपरा एका पावसात नदीत गेला. गेणबानं सांगायचं तितं जाऊन सांगितलं. कुणी आलं न्हाय. मग एका सांजंला त्यानं मला खुंटीवरनं काढली. नवरीला मांडवात नेत्यात तसं काढलं बरं का! अंगावरची जाळी फुंकली, बोट फाशात घातलं, अन् वाळूच्या डंपरचा पुढचा दिवा फुटला. मग दुसऱ्याचा. बिनदिव्याचा डंपर रस्त्यावर कसा जाणार? लोक गेणबाला "काचफोड्या" म्हणायला लागले. तो लाजायचा. मी न्हाय लाजले.

पण मानसिंगच्या माणसांनी त्याला गाठलाच. डंपरचं चाक खोलायच्या लोखंडी टॉमीनं त्याचा उजवा हात मोडला. माझं बोट असलेला हात. मी तितंच चिखलात पडले व्हते, तरी त्यानं डाव्या हातानं मला उचलून कमरेला गुंडाळली, तवा कुठं तो घरी निघाला.

मेहबूबबीनं बांबूच्या काड्या लावून हात बांधला अन् तोंडाचा पट्टा सोडला. "आबा, दवाखान्यात चला म्हणते मी. हाड हाय ते, मेथीची जुडी न्हाय बांधून ठेवायला."

"दवाखान्यात इचारत्यात, भाभी. हात कशानं मोडला म्हणतील. मग काचा बी निघतील."

"मग बसा वाकडा हात घिऊन. घास कानात जाईल."

मला वाटलं, आता म्हातारा, मी अन् खुंटी. बायको कवाच गेलेली, आता त्याला दुसरं कोण हाय? अन् तवाच ती आली.

दुपारची येळ व्हती. गेणबा गाईला कडबा काढायला गंजीपाशी गेला, तर गंजीच्या पोटातनं एक विळा बाहेर आला. विळ्याच्या मागं हात, अन् हाताच्या मागं तेरा-चौदाची एक पोरगी. केसांत वाळू.

"म्हाताऱ्या, फुडं आलास तर कापीन."

"काप की," गेणबा म्हणला. "एक हात हायेच मोडका. जोडी व्हईल."

"तू मानसिंगचा माणूस हायस."

"ह्यो हात त्यानंच मोडलाय."

"दारू पिऊन पडला असशील."

गेणबा हसला न्हाय, चिडला बी न्हाय. घरात गेला, भाकरी अन् पिठलं आणलं, मधल्या दगडावर ठिवलं अन् लांब जाऊन बसला. पोरगी हालली न्हाय. "आधी तू खा." गेणबा परत आला, एक तुकडा मोडून खाल्ला, परत लांब गेला. मग ती जेवली. अख्खी भाकरी! ती भाकरी त्यानं डाव्या हातानं थापलेली, नकाशासारखी वाकडीतिकडी. माझ्यासमोर. माझ्यासाठी त्यानं आयुष्यात एवढे कष्ट घेतले न्हाईत. मी भाकरी खात न्हाय ते सोडा.

हळूहळू कळलं. नाव सोनम. आईबाप न्हाईत. चुलत्यानं तिला मानसिंगच्या तळावर स्वैपाकाला ठिवली व्हती. मानसिंगनं तिचं लगीन आपल्या भाच्याशी, युवराजशी, ठरवलं. युवराज तिच्या दुप्पट वयाचा घोडा. हळदीच्या आदल्या दिवशी पोरगी विळा घिऊन पळाली.

"तू बी मला परत देशील," ती गेणबाला म्हणायची. "चुलता बी पहिल्यांदा गोडच बोलत व्हता."

"नगं इश्वास ठिवू," गेणबा म्हणायचा. "भाकरी तेवढी खा."

झोपायला ती घरात यायची न्हाय. गंजीतच, विळा उशाला घिऊन. मग गेणबानं काय करावं? तिची ओढणी वाळत घालायला माझी खुंटी दिली. मी धान्याच्या कणगीवर. अन् तिला हाक कशी मारायचा? "ए पाखरा!" मित्रांनो, तुमीच न्याय करा. ज्या म्हाताऱ्यासंगं मी जन्मभर पाखरं हाकलली, त्यानंच घरात पाखरू आणून ठिवलं, अन् त्याला माझी खुंटी दिली.

पण खरा घाव फुडं बसला.

तिनं एक दिस मला कणगीवरनं उचलली. "हे काय हाय?"

"ठिव खाली," असं गेणबा म्हणंल म्हणून मी कान टवकारले. तो म्हणला, "शिकवू का?"

अन् तिच्या बारक्या बोटात माझा फासा ढिला व्हतो म्हणून त्यानं फाशाला आणिक एक गाठ मारली. दातांनी अन् डाव्या हातानं. त्याच्या आईनं त्याच्या बोटावर मापलेला फासा त्यानं त्या पोरीसाठी लहान केला. आता त्याचं बोट त्यात जाणार न्हाय, हे त्याला कळलं नसंल का? कळलं असणारच. तरी बी मारली.

पोरगी डावखुरी निघाली. मला उलटी फिरवली. पहिला दगड फुडं जायच्या जागी मागं गेला अन् मेहबूबबीच्या पाण्याच्या घागरीवर टणकन वाजला.

"कोण हाय रं तो मुडदा?" मेहबूबबी बांधावरनं वरडली.

"मी न्हाय, भाभी. पाखरू हाय!"

"पाखरं कधीपासनं दगड मारायला लागली? मोडक्या हातानं तुमाला दम न्हाय, आता पोरीला नादी लावताय!"

गेणबा हसला. हात मोडल्यापासनं पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येस्तोवर हसला. माझ्या फिरण्यानं तो कधी असा हसला न्हवता. मग चारदोन दिसांत तिचा दगड शेवग्याच्या खोडाला लागला, अन् गेणबा म्हणला, "हाणलं बग!" माझ्याकडं बघून न्हाय. तिच्याकडं बघून.

रिकामा बार कसा काढायचा ते बी त्यानं तिला शिकवलं. "माणूस अडचणीत असला की असा काढायचा. समदी वस्ती येती."

"कोण येत नसतं, आबा," ती म्हणली. पहिल्यांदाच आबा म्हणली, पण इश्वास काय बसला न्हवता.

एका सकाळी नदीच्या अंगानं जीप आली. सोनम माझ्यासकट गंजीत शिरली. तिच्या बोटात मी व्हते, म्हणून सगळं सांगू शकते. जीपमधनं मानसिंग अन् युवराज उतरले.

"गेणबा, काचांचं विसरलो बग मी," मानसिंग म्हणला. "पोरगी दे. विषय संपला."

"कसली पोरगी?"

"येडा बनू नगंस. पावलं तुझ्या वावराकडं आल्यात."

आमच्या भागात एक खोड हाय. कोण बी पळालं, तर उसात शिरतं, अन् शोधणारा बी उसाकडंच बघतो. गेणबानं हे वळखूनच पोरीला सांगितलं व्हतं, की उसात पाय ठिवू नगं. मानसिंग कडब्याच्या गंजीला टेकून उभा व्हता. त्याचं कोपर अन् सोनमचं नाक यांत चार पेंढ्यांचं अंतर. अन् तो बघत व्हता उसाकडं.

"युवराज, पाचट वाळलंय न्हवं?" मानसिंग म्हणला. "काडी लाव. फड पेटला की रानडुक्कर बाहेर येतं, पोरगी का येणार न्हाय? बोल गेणबा. पोरगी का ऊस?"

तो ऊस तोडणीला आलेला व्हता. गेणबाकडं दुसरं काय न्हवतं.  गंजीत सोनमची मूठ माझ्यावर आवळली, अन् दुसऱ्या हातात विळा. तिला वाटलं, आता बोट दाखवतोय म्हातारा. चुलत्यानं तर असल्या येळंला उशीर बी केला नसता.

गेणबा उसाकडं बघत राहिला. मग म्हणला, "पेटव."

"काय?"

"पेटव म्हणलो. हितं पोरगी न्हाय."

युवराजनं काडी ओढली. पाचटानं पेट घेतला. अन् मानसिंगनं रागानं गेणबाचा मोडका हात धरून पिरगाळला.

खरं सांगते मित्रांनो, पोरगी गंजीतनं सरसर वर चढली अन् मला डोक्यावर फिरवायला लागली, तवा माझ्या मनात आलं, गळून पडावं हिच्या बोटातनं. हिच्यामुळं चाललंय हे समदं. पण खाली गेणबा कळवळला, अन् तो आवाज मला सोसंना. मी बार दिला. तिच्यासाठी न्हवं, हे लिहून ठिवा. एक, आणिक एक, आणिक एक, जीव तोडून दिले.

मानसिंगनं वर बघितलं. "आरं, हितं हाय की!"

युवराज गंजीवर चढायला धावला. पण तवर वस्ती हालली व्हती. म्हातारी माणसं माझा आवाज इसरली न्हवती, अन् पोरासोरांना उसाचा धूर दिसला. शेजारी शेजारी फड असत्यात. एकाचा पेटला तर सगळ्यांचा पेटतो. मेहबूबबी सगळ्यांच्या फुडं, हातात खुरपं. मागं कोयते, मागं हिरव्या फांद्या घेतलेली पोरं.

"कुणाच्या फडाला काडी लावतोस रं, मुडद्या?" ती मानसिंगवर धावली. "वावर खाल्लंस माझं, आता ऊस बी खातोस? सोड आबाचा हात!"

मानसिंगनं हात सोडला अन् जीपकडं पळाला, युवराज बी त्याच्या मागं. सोनमनं गंजीवरनं खाली उडी टाकली अन् माझ्या खोप्यात दगड घातला. जीपच्या फुडच्या काचेचा चुरा झाला. मग जीप कुठं जाती? माणसांनी दोघांना तितंच बसवून ठिवलं अन् पोलिसांना फोन लावला. निम्मा फड जळला. निम्मा फांद्यांनी झोडून वाचवला.

पोलीस आले, दोघांना गाडीत घातलं. संगं महिला पोलीस बी व्हत्या. त्यांनी पोरीला जवळ बसवून इचारलं, "बाळ, हे कोण लागत्यात तुझे?"

मी वाट बघत व्हते, ती म्हणंल, कोण न्हाय. सोनमनं हातातला विळा खाली ठिवला. किती दिसांनी ठिवला!

"आबा हाय माझा," ती म्हणली. "आधी त्याला दवाखान्यात न्या. त्याला कळत न्हाय."

आता ती बारामतीला मुलींच्या वसतिगृहात हाय, शाळंत जाती. गेणबाचा हात थोडा वाकडा जुळला, काचांबद्दल ठाण्यात दोन-तीन येळा जाऊन आला, त्याचं त्याला काय वाटत न्हाय. रविवारी मेहबूबबी पोरीला इस्टीवरनं घिऊन येती. मग ती अन् गेणबा अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसत्यात, शाळंतल्या बाईंच्या नकला करत्यात. एकमेकांकडं बघत्यात, माझ्याकडं कोण बघत न्हाय. पहिल्यांदा मला पोरीचा हेवा वाटायचा, की गेणबा तिचा झाला. आता गेल्या रविवारी ती इस्टीला निघून गेली, अन् मला गेणबाचाच राग आला, की ती माझ्याशी दोन फेरे न खेळता त्याच्यापाशीच का बसली? आता कुणावर जळावं, हे माझं मलाच कळंना झालंय.

मित्रांनो, एवढंच सांगते. भ्यालेलं पोर तुमच्या दारात आलं, तर आधी भाकरी ठिवा अन् लांब सरका. नाव-गाव मागनं इचारा. त्यानं इश्वास ठिवला न्हाय म्हणून रागावू नगा. अन् ते पोर घरात रुळलं, की घरातल्या जुन्या माणसांकडं अन् जुन्या वस्तूंकडं बी एकदा बघा. आमाला बी वाईट वाटतं. आमी बोलत न्हाय, एवढंच.