काथ्याशी बोलणं

राबियाने पिंजऱ्यातला सगळा भुसा इदरीसच्या पायांशी ओतला. फळीवर रंधा मारणारा त्याचा हात थांबला.

"वास घ्या," ती म्हणाली. "घ्या ना हातात."

इदरीसने चिमूटभर भुसा नाकाशी नेला आणि खाली टाकला. वाळवीचं औषध मारलेल्या फळ्यांचा भुसा होता तो. साध्या सागाच्या भुशाचं पोतं वेगळं होतं आणि पिंजऱ्यासाठी द्यायचा तो त्यातलाच, हे तिने त्याला कितीदा बजावलं होतं.

"पोती इकडची तिकडे झाली असतील."

"पोती जागेवरच आहेत. तुम्ही ऐकलं नाहीत."

"अगं, उंदीरच तर होता."

राबिया रिकामा पिंजरा उचलून आत गेली, आणि त्या दिवसापासून तिने नवऱ्याशी बोलणं टाकलं.

उंदीर नव्हता तो. जर्बिल म्हणतात, वाळवंटातला जीव. शेपटीच्या टोकाला केसांचा झुबका असतो. मुलगा मुदस्सर भिवंडीत कामाला होता. त्याच्या शेठच्या मुलांना या जीवांचा कंटाळा आला तेव्हा दोघा भावांची ही जोडी तो जव्हारला आईकडे घेऊन आला. तपकिरी तो काथ्या, पिवळसर तो बदाम. दोघे एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपायचे. औषधाच्या त्या भुशाने बदाम मेला; तिने त्याला परसात पेरूच्या झाडाखाली पुरलं.

काथ्या कोपऱ्यात बसून राहिला. सूर्यफुलाच्या बियांना तोंड लावेना, उकरेना. रात्रंदिवस बिळं करणारा जीव तो. आता नुसता अंग फुगवून बसलेला. राबियाने मुदस्सरला फोन लावला.

"अम्मी, लगेच दुसरा आणून सोडू नकोस," तो म्हणाला. "अनोळखी असला तर मारून टाकतील एकमेकांना. तू जवळ बस. बोलत राहा त्याच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. आवाज ऐकू दे नुसता."

मग दुपारची भांडी उरकली की ती पिंजऱ्याशी बसू लागली. आधी "खा रे राजा, खा" एवढंच म्हणायची. ते लवकर संपलं. मग जे आत साचलं होतं ते बाहेर यायला लागलं. घर आणि इदरीसचा सुतारकामाचा कारखाना यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत होती, आणि भिंतीपलीकडे तो होता.

"मी म्हटलं होतं, फळ्या पागोळ्यांखाली ठेवू नका. कुजल्या. मी म्हटलं होतं, भाई आजारी आहे, मला जाऊ द्या. म्हणाले, रविवारी जा. रविवारी मी मातीलाच गेले."

काथ्याचे काळे डोळे तिच्यावर लागलेले असायचे.

"आणि शायस्ता. नाशिकला नर्सिंगला नंबर लागला होता माझ्या पोरीचा. मी हात जोडले यांच्यापुढे. म्हणाले, पोरीची जात, एवढ्या लांब कशाला? वर्ष सरायच्या आत लग्न लावून मोकळे. आता ईदला येते, बापाला सलाम करते आणि सरळ चुलीकडे वळते. हे विचारतात, पोरगी अशी का वागते!"

पलीकडचं मशीन बंद झालं ते पुन्हा सुरू झालं नाही. राबियाच्या ते लक्षात आलं. तिने आवाज मुद्दाम आणखी चढवला.

काथ्या हळूहळू तिच्या तळव्यावर येऊन बसू लागला. एके दुपारी ती बडबडत असतानाच त्याने तिच्या बोटांतून बी ओढून घेतलं. दाराशी नव्या भुशाचं पोतं आलं होतं. तिने त्यातली मूठ नाकाला लावली, पुन्हा दुसरी मूठ काढून हुंगली, आणि मगच पिंजऱ्यात टाकली. इदरीसला मात्र त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. तो ताट स्वतः वाढून घेत होता.

बहिणीची सून बाळंत झाली म्हणून ती खोडाळ्याला गेली. राहायचं ठरलं होतं, पण काथ्याच्या काळजीने संध्याकाळच्याच जीपने परतली आणि परसातून मागच्या दाराशी आली. आत इदरीस बोलत होता.

"भुसा ठीक आहे ना? मी चाळून दिलाय."

राबियाचा हात कडीवरच राहिला.

"शायस्ताला फोन केला होता काल," तो सांगत होता. "म्हटलं, बेटा, चुकलं माझं. तुला नाशिकला पाठवायला हवं होतं. तिनं फोन ठेवून दिला. परत लावला, तर उचलला नाही." पिंजऱ्याची जाळी वाजली. "आता हे तुझ्या मालकिणीला कसं सांगू रे? ती तर माझ्याशी बोलतच नाही."

"बरं केलं पोरीनं," राबिया ओठांतल्या ओठांत म्हणाली. तेच त्याच्या तोंडावर म्हणावं म्हणून तिने दार ढकलायला घेतलं.

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा.

तिने हात मागे घेतला. पिशवी मांडीवर घेऊन ती पायरीवर टेकली. इदरीस आणखी काहीतरी बोलत होता. शब्द धड कळत नव्हते, तरी ती ऐकत राहिली. अखेर तो गप्प झाला.

तेव्हा राबिया उठली, परसात चार पावलं मागे गेली, आणि चपला फरफटत, मोठ्याने खाकरत दाराशी आली. तिने कडी जोरात वाजवली. आत तो लगबगीने उठला. मोरीतल्या पाण्याचा आवाज थांबेपर्यंत ती बाहेरच उभी राहिली.