समोर खांब नको

ऑफिसात तिला सगळे तक्रारताई म्हणायचे. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, आणि तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. सकाळी साडेनऊला ती खुर्चीत बसायची, पाण्याची बाटली उजवीकडे, चष्म्याचं घर डावीकडे, आणि संध्याकाळी सहापर्यंत अनोळखी माणसांचं रडगाणं वाचायची. त्यातले निम्मे उपाशी असायचे, पाव तहानलेले आणि उरलेल्यांना लांडग्यांनी खाल्लेलं असायचं. अर्थात हे सगळं खेळात.

कंपनी सात माणसांची आणि खेळ एकच. माणूस एका बेटावर उघडाबोडका येऊन पडतो. काटक्या गोळा करायच्या, दगड गोळा करायचे, त्यांची कुऱ्हाड करायची, कुऱ्हाडीनं झाड पाडायचं, झाडाचं घर करायचं आणि मधूनमधून खात-पीत जिवंत राहायचं. खेळ अजून पुरा झालेला नव्हता, तरी विक्रीला काढला होता. याला अर्ली ॲक्सेस म्हणतात. म्हणजे इमारतीचा जिना झालेला नाही, नळाला पाणी आलेलं नाही, तरी लोकांना राहायला बोलवायचं आणि काय काय बिघडलंय ते त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचं. लोक हौसेनं येतात आणि मग कडाकडा भांडतात. दोन्ही मनापासून करतात, हे कबूल करायला हवं.

तक्रारी ठरलेल्या होत्या. भूक फार लवकर लागते. कुऱ्हाड बारा घावांत मोडते. पेटीत वीसच वस्तू मावतात. लांडगा भिंतीतून आत येतो. हरीण झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसलंय आणि उतरत नाही. सगळा दिवस लाकूड, पाणी, अन्न यातच जातो, घर बांधायचं कधी? ही शेवटची तक्रार वाचली की ताईला हसू यायचं. बाबा रे, माझंही तेच चाललंय, असं लिहावंसं वाटायचं. पण लिहायचं ते ठरलेलं. चौदा उत्तरं तयार होती, त्यातलं योग्य ते निवडून पाठवायचं.

एकाच माणसाला ती तयार उत्तर पाठवत नसे. त्यानं खेळात नाव घेतलं होतं ‘ओळंबा’. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे की नाही ते बघायला दोरीला बांधून सोडतात ते वजन. हा गृहस्थ तक्रार लिहायचा ती सरकारी कचेरीला पत्र लिहावं तशी. सुरुवातीला ‘स. न. वि. वि.’, शेवटी ‘कळावे’. कुऱ्हाडीबद्दल त्यानं लिहिलं होतं, ‘माझ्या वडिलांची कुऱ्हाड अजून चालते. दांडा तीनदा बदलला, पातं तेच आहे. आपल्याकडची कुऱ्हाड कोण बनवतो ते कृपया तपासावे. कळावे.’

ताईनं हे पहिलं पत्र वाचलं आणि स्क्रीनवरची नजर काढून खिडकीबाहेर बघत बसली. ती वडिलांची कुऱ्हाड तिच्याच घरी, कपाटामागे होती. ओळंबा म्हणजे तिचा नवरा.

नवरा सुतार. साधासुधा नव्हे, लोक लांबून बोलवायला येत असा. अकरा महिन्यांपूर्वी बांधकामाच्या परांचीवरून पडला, उजवा खांदा गेला. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, यापुढे हलकं काम करा. हलकं काम म्हणजे काय, हे काही ते सांगू शकले नाहीत. तो खिडकीपाशी बसू लागला. उंचावर जायचं नाव काढलं की त्याचा चेहरा उतरायचा, दिवा बदलायला स्टुलावरसुद्धा चढेना. हत्यारांची पेटी त्याच्या डोळ्यांसमोर नको म्हणून ताईनंच ती कपाटावर चढवून ठेवली. मग एकदा तिनं ऑफिसातून खेळ आणून दिला, बघा जरा म्हणून. डाव्या हातात माउस धरून त्यानं आधी काटक्या गोळा केल्या, मग कुऱ्हाड केली, मग घर बांधायला काढलं. आठ महिने झाले, घर चालूच होतं. त्यासाठी तो सकाळी उठायचा, दाढी करायचा, वेळेवर जेवायचा. एवढं पुष्कळ होतं.

तक्रारी आपण वाचतो हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही. घरी दोघं फार बोलत नसत. पत्रांत मात्र तो पान पान लिहायचा, आणि ‘सहायता विभाग’ या नावाखाली ती उत्तर द्यायची. भुकेबद्दल त्यानं लिहिलं, ‘काम करणारा माणूस इतका खात नाही.’ विभागानं कळवलं, ‘भूक लागण्याआधी खात जा, म्हणजे त्रास होणार नाही.’

दोन महिन्यांपूर्वी त्याचं एक पत्र आलं. ‘आपल्या खेळात खालचा खांब काढला तरी छप्पर हवेत राहते. हे बरोबर नाही. ज्याला आधार नाही ते पडले पाहिजे.’ सोबत त्यानं आपलं सगळं बेट जोडून पाठवलं होतं. ताईनं पत्र प्रोग्रामरला दाखवलं. प्रोग्रामर मितभाषी, त्याला सगळे मुनी म्हणत. मुनी म्हणाला, “माणूस बरोबर बोलतोय,” आणि कामाला लागला.

या आठवड्यात ते काम पुरं झालं. शुक्रवारी नवा बदल सगळीकडे जाणार होता. बुधवारी दुपारी ताई मुनीच्या टेबलाशी गेली. “त्या ओळंब्याचं बेट आहे ना आपल्याकडे? नव्या नियमात ते घर कसं राहतं, बघूया का?”

मुनीनं बेट उघडलं. ताईनं ते घर पहिल्यांदाच नीट पाहिलं. वर पुढे काढलेली लांबरुंद गॅलरी होती, आणि तिच्याखाली समोर एकही खांब नव्हता. तिला एकदम आठवलं. त्यांच्या भाड्याच्या घराच्या खिडकीसमोर एक जाडजूड खांब होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, आपलं घर बांधाल तेव्हा समोर खांब नको, डोळ्यांत खुपतो. बाविसावं वर्ष चालू होतं. घर काही झालं नव्हतं, आणि ते बोलणं ती स्वतः विसरून गेली होती.

मुनीनं नवा नियम चालू केला. गॅलरी पडली, तिच्यामागोमाग वरची भिंत, मग छप्पर. सगळं मिळून चार सेकंद लागले.

“पण का?” ताई म्हणाली.

“तुळईच्या टोकाखाली खांब असला तर उभी, नसला तर पडली. नियम एवढाच आहे, ताई. समोर दोन खांब लावले असते तर वाचलं असतं.”

“थोडं थांबता नाही का येणार?”

“शुक्रवार जाहीर झालाय.” मुनीनं डोळे चोळले. तोही तीन आठवडे नीट झोपला नव्हता, त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. बदल आधी बाहेर कुणाला सांगायचे नाहीत, अशी सक्त ताकीद होती. ताईनं ती ताकीद बसस्टॉपपर्यंत पाळली आणि मग मनातून काढून टाकली.

घरी स्वयंपाकघरातला दिवा सोमवारपासून गेलेला होता. नवा आणून ठेवला होता, पण स्टूल घेऊन चढायचं त्राण तिच्या पायांत संध्याकाळी उरत नसे. बाहेरच्या खोलीच्या उजेडात दोघं जेवायला बसली.

“त्या घराला समोर दोन खांब लावा,” ती म्हणाली.

“कशाला?”

“लावा म्हणते ना.”

“खांबाशिवाय उभं आहे की ते.” त्यानं चमचा उचलून टेबलाच्या कडेवर ठेवला, दांडा बाहेर काढून. आतल्या टोकावर मिठाची बरणी ठेवली. बाहेरच्या दांड्यावर बोट दाबलं. चमचा हलला नाही. “मागची भिंत तुळईवर बसवलीय. पुढे जेवढं वजन, त्याच्या तिप्पट मागे. सात जन्म पडायचं नाही.”

तो बरोबर होता, हेच तर दुखणं होतं. ताईनं हातातला घास खाली ठेवला. “शुक्रवारी पडणार आहे. नवा नियम येतोय. त्यांना फक्त खांब कळतो, मागचं वजन कळत नाही. मी आज पाहून आलेय, चार सेकंदांत गेलं सगळं. मी तुम्हाला हे सांगायला नको होतं, नोकरी जाईल माझी. दोन खांब लावा आणि मोकळे व्हा.”

त्यानं चमचा उचलून ताटात ठेवला. मग बरणी जागेवर ठेवली. “चुकीच्या हिशेबासाठी खांब लावू?” तो म्हणाला. “बघतो.”

त्याचं ‘बघतो’ म्हणजे नाही, हे बावीस वर्षांत तिला पाठ झालं होतं. तिला भीती वाटली. घर पडलं तर हा पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसेल, आणि या वेळी त्याला उठवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. गेल्या खेपेचंच तिनं कसंबसं निभावलं होतं.

शुक्रवारी दहाला बदल गेला आणि साडेदहाला आभाळ फाटलं. कुणाचा किल्ला पडला, कुणाचा पूल. एका जोडप्यानं लग्नाच्या वाढदिवसासाठी मनोरा बांधला होता, तो हरणावर पडला. बारापर्यंत सहाशे चाळीस तक्रारी झाल्या. ताई अकरा नंबरचं उत्तर पाठवत राहिली, ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ शिव्या वाचून तिला काही वाटत नव्हतं. तिचं लक्ष एकाच नावाकडे होतं.

ते नाव सव्वातीनला आलं. ताई आधी पाणी प्यायली, मग तिनं पत्र उघडलं.

‘स. न. वि. वि. आज माझे घर पडले. पडेल असा अंदाज होता, तरी खांब लावले नाहीत, त्यामुळे नुकसानीबद्दल तक्रार नाही. आधार नाही ते पडले पाहिजे असे मीच लिहिले होते. अर्धीच गोष्ट लिहिली, ही चूक माझी. समोर खांब नसतानाही तुळई का टिकते, ते राहून गेले. पण ते लिहून सांगता येत नाही. कळावे.’

तिनं ते तीनदा वाचलं. चौदांतलं एकही उत्तर त्याला लागू नव्हतं. तिनं लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं आणि शेवटी काहीच पाठवलं नाही. सहा वाजता ती निघाली. बसमध्ये बसायला जागा मिळाली, तरी ती उभीच राहिली. घरी लवकर पोचायची इच्छाच नव्हती.

दार उघडं होतं. कंप्युटर बंद. खिडकीपाशी कुणी नव्हतं. तो फरशीवर बसला होता, भोवती भुसा, शेजारी हत्यारांची पेटी उघडी, आणि फळांच्या एका खोक्याच्या फळ्या कापून ठेवलेल्या. समोर वीतभर उंचीचं घर होतं, भिंती आणि पुढे निघालेली गॅलरी एवढंच.

“चप्पल तिकडेच काढ, भुसा लागेल,” तो म्हणाला. “हे सोमवारी घेऊन जा, पत्रात मावलं नाही ते यात आहे. त्या हिशेबवाल्याला दे आणि म्हणावं, गॅलरीवर हात ठेवून दाब. मग मागची भिंत उचल आणि पुन्हा दाब. कळेल त्याला.”

ताई भुशातच बसली. तिनं गॅलरीवर तळहात ठेवून दाबला. घर हललं नाही.

“खाचा वाकड्या आल्यात,” तो म्हणाला.

“दिसतंय.”

“डाव्या हातानं पाडल्या.”

“तेही दिसतंय.” ज्या माणसानं कधी केसाएवढी फट राहू दिली नव्हती, त्याच्या हातच्या त्या वेड्यावाकड्या खाचा बघून तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. पदरानं चष्मा पुसत ती म्हणाली, “माझ्याकडेच येतात तुमची पत्रं, हे कधीपासून माहीत आहे?”

“भूक लागण्याआधी खात जा, असं कुठला विभाग लिहितो?” तो म्हणाला. त्यानं ते छोटं घर तिच्याकडे तोंड करून फिरवलं. “बघ. येतो का खांब मध्ये?”

ती वाकली. तेवढ्यानं दिसेना, म्हणून फरशीवर आडवी झाली आणि गाल टेकवून गॅलरीखालून पाहिलं. समोर काहीच नव्हतं. थेट पलीकडे स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, आणि आतला दिवा लागलेला होता.

ती तशीच पडून त्या दिव्याकडे बघत राहिली. “तो कुणी लावला?”

“पेटी काढायला स्टुलावर चढलोच होतो,” तो म्हणाला.