वास नसलेलं तेल

मित्रांनो, एखादा उभा ट्रक दिसला तर त्याच्या मागे जा, जरा वाका आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध बघा. चिखलाने माखलेलं, लोखंडाचं एक गोल पोट दिसेल. तो मी. मला डिफरन्शियल म्हणतात आणि मी आता जुना झालो आहे. इंजिन सगळ्यांना माहीत असतं. हॉर्नसुद्धा सगळ्यांच्या ओळखीचा, आणि तो तर काही काम करत नाही, नुसता कोकलतो. दहा टन विटा चढावर ओढायच्या मी, आणि माझं नाव ऐकलं की लोक म्हणतात, "म्हणजे काय?" या प्रश्नाचा मला अगदी वीट आला आहे, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगतो.

ट्रक वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना हवं तेवढं पळू द्यायचं आणि तरी दोघांकडून काम करून घ्यायचं, हा माझा धंदा. दोन भांडखोर भावंडं सांभाळणाऱ्या आईला विचारा, ती सांगेल हे किती जिकिरीचं आहे ते. माझ्या पोटात एक मोठं दातेरी चाक आहे, त्याला क्राउन म्हणतात. त्याला फिरवणारं छोटं चाक म्हणजे पिनियन. या दोघांचे दात एकमेकांवर नुसते दाबत नाहीत, ते घासत सरकतात. तिथे साधं तेल टिकत नाही, पिळून बाहेर फेकलं जातं. म्हणून माझ्या तेलात गंधकाची औषधं घालतात. त्यांचा पातळ थर दातांवर बसतो आणि लोखंड लोखंडाला खात नाही. आता गंधक म्हटलं की वास आलाच. माझ्या तेलाला नासक्या अंड्यासारखा वास येतो, मी तरी काय करू? त्याच वासापायी माझं वाटोळं झालं.

कारखान्यात माझी जोडी जुळवणाऱ्या एक बाई होत्या. त्या क्राउन आणि पिनियन एकत्र फिरवून, डोळे मिटून आवाज ऐकायच्या. सतरा जोड्या त्यांनी नापास केल्या आणि माझ्या जोडीला मान डोलावली. दोन्ही चाकांवर एकच आकडा ठोकला, म्हणजे जन्माची गाठ. एक मोडलं की दुसरंही बदलायचं, असा नियम. मग माझ्या पोटात पहिलं तेल ओतलं. ओतणाऱ्याने नाक मुरडलं, पण ओतलं. एवढा शहाणा माणूस पुढे मला फार वेळा भेटला नाही.

तेरा वर्षं मी एकाच मालकाच्या ट्रकखाली काढली. ट्रक त्यांचा आणि चालवायचेही तेच. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबा माझं तेल स्वतः बदलायचे. दुकानात जाऊन डबा फिरवून फिरवून वाचायचे, दुकानदार कंटाळायचा. मग रस्त्यावर चटई टाकून माझ्याखाली शिरायचे, जुनं तेल काढायचे, नवं भरायचे. त्यांची लेक, जिला सगळे ताई म्हणत, तेव्हा वर केबिनमध्ये स्टिअरिंग धरून बसलेली असायची. बाबांनी तिला गिअर शिकवले, घाट शिकवला, उतारावर ब्रेक कसा राखायचा ते शिकवलं. ट्रकखाली मात्र कधी येऊ दिलं नाही. "कपडे खराब होतील" म्हणे. बाबा देवमाणूस, पण त्यांची ही चूक मला फार महागात पडली.

पुढे बाबांची कंबर धरली. डॉक्टरांनी सांगितलं, आता स्टिअरिंगवर बसायचं नाही. लगेच बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे ताईचे काका, घरी येऊन बसले. "दादा, ट्रक विकून टाकू. पोरीच्या हातात एवढं धूड द्यायचं म्हणजे काय?"

कागदोपत्री ट्रक दोघा भावांच्या नावावर होता, त्यामुळे काकांना गप्प बसा म्हणायची सोय नव्हती. ताई दारातच उभी होती. ती म्हणाली, "काका, मला एक वर्ष द्या. टेकडीवर शाळेची इमारत होतेय, तिथे विटा पोचवायचं काम मला मिळालंय. माल भरलेला ट्रक वाटेत एकदा जरी बंद पडला तर विका, मी चकार शब्द काढणार नाही."

"एकदा जरी," काका म्हणाले.

"एकदा जरी."

हे सगळं अंगणात चाललं होतं आणि ट्रक अंगणातच उभा होता. म्हणजे ताईचा ट्रक राहणार की जाणार, ते आता माझ्या दातांवर होतं. मी म्हटलं, पोरी, काळजी करू नकोस, अजून दहा वर्षं मला काही होत नाही. मनातल्या मनात म्हटलं, कारण आम्हाला बोलता येत नाही. आमचा एकच मार्ग, आवाज करायचा, आणि तो माणसांना कळेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

तेल बदलायची वेळ आली तेव्हा ताई मला गॅरेजमध्ये घेऊन गेली. तिथले मिस्त्री नाकवाले मिस्त्री म्हणून प्रसिद्ध होते. क्लच जळतोय, वायर वितळतेय, रेडिएटर गळतोय, सगळं ते बॉनेट न उघडता नुसतं हुंगून सांगायचे. आणि खरंच सांगायचे हो, उगाच खोटं कशाला बोलू? लांबलांबचे ड्रायव्हर त्यांच्या नाकासाठी यायचे. त्यांनी माझं बूच उघडलं, बोटावर तेल घेतलं, हुंगलं आणि मान हलवली.

"ताई, तेल नासलंय. बघ, हुंग."

ताईने हुंगलं आणि तोंड फिरवलं. ताज्या तेलाचाही वास असाच असतो, हे तिला कोण सांगणार? सांगणारे घरी कंबर शेकत बसले होते. मी घसा फोडून ओरडलो असतो, मित्रांनो, पण घसा कुठून आणू.

"दुसरं कोणतं घालणार?" तिने विचारलं. पोरगी निष्काळजी नव्हती. बाबांनी सांगितलेलं तिने वहीत लिहून आणलं होतं, 'मागच्या पोटात नव्वद नंबर'.

मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या पिंपातून मगभर तेल आणलं. मधासारखं सोनेरी, स्वच्छ, आणि वास जवळजवळ नाहीच. "हे घे, नव्वद नंबरच आहे. गिअरबॉक्समध्ये मी हेच घालतो. काय शुद्ध तेल आहे बघ."

नंबर जुळला. ताईने वही मिटली. आता इथे नीट लक्ष द्या, कारण हा घोळ रोज कुठे ना कुठे होतो. नव्वद हा आकडा तेल किती जाड आहे तेवढंच सांगतो. त्यात औषध किती, ते वेगळं लिहिलेलं असतं. माझ्या तेलाच्या डब्यावर जीएल-५ असतं, त्या पिंपावर जीएल-४ होतं. गिअरबॉक्सला ते पुरतं, किंबहुना त्याच्यातल्या पितळेला तेच मानवतं. मला ते पुरत नाही. एकाच मापाचे दोन डगले, एक सुती आणि एक लोकरीचा. सुती डगला घालून मला बर्फात उभं केलं, आणि वर म्हणाले, माप बरोबर आहे ना?

पहिला महिना मी दात आवळून काढला. सपाट रस्त्यावर निभत होतं. टेकडीचा चढ लागला की पिनियन क्राउनवर घासायचं आणि मध्ये थर नाही, नुसतं सोनेरी पाणी. दुसऱ्या महिन्यात मी कण्हायला लागलो. ॲक्सिलेटर दाबला की 'हूंऽऽ', सोडला की बंद. ताईच्या ते लगेच ध्यानात आलं. तिने गाडी सरळ मिस्त्रींकडे आणली. इतका आनंद झाला मला. म्हटलं, सुटलो.

मिस्त्रींनी एक फेरी मारली. बूच उघडून हुंगलं. "वास तर एकदम शुद्ध. तेलात काही खोट नाही. वय झालंय त्याचं, पातळ तेल सोसत नाही. जाड घालू." आणि त्यांनी एकशे चाळीस नंबर घातलं. जाड होतं, चिकट होतं, औषध त्यातही तेवढंच तुटपुंजं. पण जाड तेलाने आवाज मात्र दबला. कण्हणाऱ्या माणसाच्या तोंडावर उशी ठेवावी तसं झालं.

"बघ, गप्प झाला की नाही?" मिस्त्री म्हणाले. ताई हसली, त्यांचे आभार मानले. गॅरेजमध्ये आलेल्या दोन ड्रायव्हरांनी मिस्त्रींच्या नाकाची वाहवा केली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यानंतर अठरा दिवसांनी, भर दुपारी, टेकडीच्या तिसऱ्या वळणावर ती वेळ आली. ट्रक विटांनी भरलेला. माझं अंग इतकं तापलं होतं की वरचा चिखल भाजून त्याची खपली निघत होती. जाड तेलही पातळ झालं आणि मी पुन्हा ओरडलो, या वेळी खच्चून. ताईने पाय काढला. आवाज थांबला. तिने पुन्हा दाबून पाहिलं, आवाज परत आला.

शाळा दोन किलोमीटरवर होती. रेटून नेलं असतं तर कदाचित पोचलोही असतो. कदाचित दात तुटून मागच्या चाकांचा जोर गेला असता आणि ट्रक विटांसकट मागे घसरला असता. मागून एक प्रवासी गाडी येत होती. आपण थांबलो तर ट्रक हातचा गेला, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. तिने ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं, चाकांना दगड लावले आणि माझ्याखाली शिरली. आयुष्यात पहिल्यांदा. माझं अंग जरा निवल्यावर बूच उघडून तिने तेल हातावर घेतलं. त्यात लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता. ते माझे दात होते. तिने काकांना स्वतःच फोन केला. "काका, ट्रक थांबवलाय. माल भरलेला आहे."

विटा दुसऱ्या ट्रकने गेल्या. मला ओढत गॅरेजमध्ये आणलं. बाबा कंबरेला पट्टा बांधून आले. त्यांनी पिंपावरची अक्षरं वाचली. "अगं, नंबर सांगितला मी तुला. जीएल सांगायचं राहिलं."

"आणि वास?" मिस्त्री म्हणाले. "नासका वास होता, दादा."

"तो वास म्हणजेच औषध, मिस्त्री."

मिस्त्रींनी पुन्हा एकदा पिंप हुंगून पाहिलं. तीस वर्षं ज्या नाकावर पोट भरलं त्याने दगा दिला, हे पचवायला वेळ लागतोच. पण मला काही त्यांची दया आली नाही, खरं सांगतो. दात माझे गेले होते.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण काकांनी दोन दिवसांत गिऱ्हाईक आणलं आणि त्याआधी मिस्त्रींना सांगून माझ्या पोटात जाड तेलाबरोबर लाकडाचा बारीक भुसा कोंबला. ही गॅरेजमधली जुनी लबाडी. भुसा दातांच्या मध्ये जाऊन बसतो आणि मोडका डिफरन्शियल चार दिवस मांजरासारखा गुरगुरतो. मिस्त्रींनी तो भरला, पण माझ्याकडे न बघता. ताईला कुणी विचारलं नाही, ट्रक परस्पर घरी आणून अंगणात उभा केला.

गिऱ्हाईक म्हणजे एक टँकर चालवणारे गृहस्थ, बायकोला बरोबर घेऊन आले होते. दोघं मिळून चालवणार म्हणे. त्यांनी फेरी मारली, कान लावला. माझ्या तोंडून हूं की चूं नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. "मागचं अगदी शांत आहे," ते म्हणाले, आणि बायकोने समाधानाने मान हलवली.

दात झिजलेला मी इतका गप्प कसा, हे ताईला खटकलं आणि ती पाना घेऊन माझ्याखाली आली. तिने खालचं बूच सोडलं. तेल, भुसा आणि चुरा, सगळा लगदा अंगणात ओघळला.

"शांत नाहीये ते," ती म्हणाली. "तोंड बंद केलंय त्याचं. तुम्ही दोघं यात बसणार, म्हणून दाखवलं."

टँकरवाले बायकोला घेऊन निघून गेले. काका म्हणाले, "तू शब्द दिला होतास."

"विकायचा शब्द दिला होता. विका ना. येईल त्याला मी हेच सांगेन."

काका तणतणत गेले. बाबांनी चटई आणून ताईजवळ टाकली.

त्या संध्याकाळी ताईने मला रॉकेलने तीनदा धुतलं आणि जीएल-५ तेल भरलं. अंगणभर तो घाण वास सुटला. शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. तिने ट्रक अंगणातल्या अंगणात पुढे घेतला आणि मी जेवढा आवाज होता तेवढा काढला. कुणीही मला गप्प केलं नाही. पण झिजलेले दात तेलाने परत येत नाहीत, मित्रांनो. त्यानंतर दोन गिऱ्हाइकं आली, दोघांना ताईने खरं सांगितलं, दोघंही परत गेली. नवी जोडी घालायची ऐपत अजून झालेली नाही. विटांचं काम दुसऱ्यांना मिळालं. ताई आता दुसऱ्यांचा ट्रक चालवते आणि मी अंगणात उभा आहे. पोटात एकदम बरोबर तेल आहे, आणि ओढायला काही नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, कुणी कण्हत असेल तर आधी त्याला काय पाजलंय ते विचारा. डब्यावरचं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. आणि जो आवाज बंद करून देतो, त्याला दुरुस्ती झाली का, एवढं तरी विचारा. मला कुणी विचारलं नाही.