गुरुवारी नवऱ्याला घेऊन ये

नऊ वर्षांनी ताई माझ्या दुकानात आली आणि थेट एका उसवलेल्या सोफ्यावर बसली. मी म्हटलं, "ऊठ, स्प्रिंग टोचेल." उठली नाही. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा. जुनं कापड उसवायचं, फोम बदलायचा, नवं ठोकायचं, हा माझा धंदा. मी पिना उपटत राहिलो.

"दाढी छान आलीये," ती म्हणाली. हे तिच्या तोंडून निघायला किती जड गेलं ते मला दिसलं, आणि बरं वाटलं.

मग मुद्द्यावर आली. "डॉक्टर म्हणतात, माझी स्त्रीबीजं संपली. हार्मोन सुरू करायच्या आधी तू ठेवली होतीस ना गोठवून? आई म्हणाली होती. मला दे. नाहीतरी तुला आता त्यांचा काय उपयोग?"

काय उपयोग! दहा दिवस पोटात सुया टोचून घेतल्या होत्या मी. जे शरीर नकोसं झालं होतं, त्याच्याकडूनच जाता जाता आठ बीजं मागून घेतली. दवाखान्यातल्या बायका बघायच्या, हा बाप्या इथं काय करतोय? बाप व्हायचं होतं मला, दुसरं काय!

आणि ताई काय करत होती तेव्हा? घरी येईल त्याच्यासमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!" स्वतःच्या लग्नाच्या दिवशी तिनं मला वरच्या सामानाच्या खोलीत कोंडलं. कडी तिनंच घातली. सासरी सांगितलं होतं, मी एकुलती एक. खालचं हसणं मला दिवसभर ऐकू येत होतं.

आठांतलं आता एकही शिल्लक नव्हतं. सात वाया गेली. आठव्याचा, दात्याच्या वीर्यानं, गर्भ झाला आणि माझ्या बायकोच्या पोटात त्याला पाचवा महिना लागला होता. हे एका वाक्यात सांगून ताईला वाटेला लावता आलं असतं. भल्या माणसानं तेच केलं असतं.

मी म्हटलं, "गुरुवारी दहाला, बीजं ठेवली होती त्या दवाखान्यात ये. नवऱ्याला घेऊन ये. मी कोण ते त्याला तू सांगायचंस, तुझ्या तोंडानं. मग बोलू."

"अरे, त्यांना तू आहेस हेच माहीत नाही."

"म्हणून तर."

गरजवंताला अक्कल नसते. ती हो म्हणाली.

गुरुवारी बायकोची सोनोग्राफी होती. ती आत गेली, मी बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो. ताई आली. मागून नवरा, काखेत फाइल, साधा माणूस. मला कुणी दवाखान्यातलाच समजून त्यानं टोकन कुठं मिळतं ते विचारलं.

"अहो," ताई म्हणाली आणि अडली. मी मुळीच मदत केली नाही. "अहो, हा माझा भाऊ. सख्खा. धाकटा."

तो हसला. "तुला कुठला भाऊ?"

"आहे. आधी सगळे त्याला माझी बहीण समजायचे. आपल्या लग्नात मी त्याला वर कोंडून ठेवलं होतं."

हे शेवटचं मी मागितलं नव्हतं. क्षणभर वाटलं, आता खरं सांगून टाकावं. क्षणभरच.

"नऊ वर्षं," नवरा म्हणाला, एवढंच.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. "अरे, काय लाथा मारतंय!" म्हणत बायको पोट सांभाळत बाहेर आली आणि माणसं बघून थबकली. ताईनं तिच्या पोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे माझ्यासाठी..."

"एकही नाही."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"ओळख करून द्यायला."

नवरा तिच्यासाठी न थांबता जिना उतरून गेला. ताई रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "एकदा हात लावू?"

बायको पुढे झाली. मी मध्ये उभा राहिलो. "नाही."

ताई गेली. बसमध्ये बसल्यावर बायकोनं मला सगळं विचारून घेतलं, कधी ठरवलं, काय सांगितलं, सगळं. मग म्हणाली, "झालं समाधान?"

खोटं कशाला बोलू? "झालं," म्हटलं, आणि नेहमीसारखा तिच्या पोटावर हात ठेवला. तिनं तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला.